वीतभर अंतर

सायकल आली ती निळी, सांध्यांवर रंग उडालेली,
नळीवर कुणाचं तरी खरवडलेलं नाव,
त्यातले 'ख' आणि 'त' तेवढे उरलेले.
आई म्हणाली, कॅरिअर नाही, घंटा नाही,
साधं स्टँडसुद्धा नाही,
मग साडेअकरा हजार कशाचे?
मगदूम सर म्हणाले, नसलेल्याचेच, वहिनी.

पहिल्या आठवड्यात मी उभ्याउभ्या पडले,
मिरजेत, भर चौकात, सिग्नलला.
बूट पेडलमध्ये अडकलेला
आणि मी हळदीच्या पोत्यासारखी
सावकाश डावीकडे कलंडत गेलेली.
वडापवाल्यानं इंजिन बंद करून विचारलं,
लागलं का, बाळ?
मी म्हटलं, बूट तेवढा सोडवून द्या.

मागचं चाक डुलायचं.
सतारमेकर गल्लीतले निसारचाचा
दुकानात उलटी टांगलेली सायकल बघून थांबले
आणि नखानं एकेक तार छेडत गेले.
ही उतरलीय. हीपण. ही जरा चढलीय.
सर चावी फिरवत होते, चाचा कान देत होते.
छत्तिसावी तार लागली तेव्हा
चाचा, पोरगा डबा विसरला म्हणून
शिव्या घालत निघूनही गेले.

मग रोज पहाटे पावणेपाच, मालगावचा रस्ता.
सुलताना पुढं, मग कस्तुरी, मग मी,
आणि बाजूनं लुनावर सर:
"वीतभर ठेव अंतर. हातभर न्हवं, वीतभर!
चाकाकडं बघू नगंस, तिच्या कमरंकडं बघ.
चाक फसवतंय, कंबर फसवत न्हाई."

सरांना सांगितलं नाही, पण मला ते येत होतं.
आरगेहून येताना, दोन ट्रॉल्यांच्या उसामागं,
लोंबत्या वाड्यांच्या शेपटाशी
एक जागा असते, जिथं वारा नसतोच.
मळीचा वास, टेपचा धडधडाट
आणि पाय आपोआप फिरतायत.
मला वाटलेलं, काय जोरात आहे मी!
मग ट्रॅक्टर कारखान्याकडं वळला.

दंडोबाच्या चढाला तर कुणाच्याच मागं लपता येत नाही.
तिथं मी वनखात्याच्या पाटीखाली ओकले.
पाटीवर लिहिलेलं, कचरा करू नये.

विट्याची शर्यत. बत्तीस किलोमीटर.
पाठीवर सत्तेचाळीस, चार पिना आईनं लावलेल्या.
नवव्या किलोमीटरला चढ नव्हता, वळण नव्हतं,
काहीच नव्हतं.
मी बाटलीसाठी वाकले
आणि वितीचा हात झाला,
हाताची काठी, काठीचा कासरा.
मग पुढं नुसता रस्ता.

पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या.
तोच वारा त्यांच्या कामाचा होता.
मागून ॲम्ब्युलन्स, दर दोन किलोमीटरला
शेंगा फोडत ड्रायव्हर विचारायचा, बसायचं का?
मी मान हलवायची.
आठव्यांदा मानही हलवली नाही.

नंतर मागं किटल्यांचा आवाज आला.
काळी जुनी सायकल, दोन बाजूंना दूध,
आठवीतला असेल पोरगा, टोपी उलटी,
माझ्या मागच्या चाकाला अगदी चिकटून.
म्हटलं, पुढं जा की.
"नको ताई, हितंच बरं वाटतंय,
हितं वारं न्हाई."

मी काही बोलले नाही.
मान खाली घातली, कोपरं आत घेतली,
आणि एक दात चढवला.
एरवी उतरवला असता.
वस्तीच्या वळणावर किटल्या खडखडल्या,
तो गेला. नाव विचारायचं राहिलं.

शेवटच्या रेषेपाशी कापडी फलक
दोघंजण चादरीसारखा घडी करत होते.
मला बघून त्यांनी तो पुन्हा उलगडला,
उलटा, घाईघाईत.
सरांनी वेळ विचारली नाही, नंबर विचारला नाही.
बाटली हलवून बघितली.
भरलेलीच होती.
"पी आधी," म्हणाले.