दिवसाला वीस सेकंद पुढे

काचेखालच्या फटीतून त्यानं ते आत सरकवलं,
नजर बाजूच्या पंख्यावर ठेवून.
रबरी पट्टा, मिठानं पांढरा पडलेला,
तिसऱ्या भोकाजवळ चिरलेला.
"तीन हजार पेसो, मारिव्हिक," क्रिसोस्तोमो म्हणाला.
"अमावास्येला मासळी आली की सोडवतो."

अमावास्येला सगळेच सोडवतात.

मी भिंग डोळ्याला लावलं.
सतरा वर्षं बसतेय या खिडकीत, बांतायानच्या धक्क्याजवळ.
सोनं बोटांना कळतं; घड्याळाला कान द्यावा लागतो.
यंत्र जपानी, लाखांनी निघतं तसलं,
चावी नको, बॅटरी नको, हात हलला की पोट भरतं त्याचं.
काचेवर दोन ओरखडे, एक खोल.
पाठीवर कोरलंय: दोनशे मीटर.
हा उतरतो तीस,
दातांत नळी धरून;
नळीचं दुसरं टोक होडीतल्या कॉम्प्रेसरला,
ज्यानं माझा दीर ट्रायसिकलच्या चाकांत हवा भरतो.

मग कडा फिरवली. टिक् टिक् टिक्, एकाच दिशेनं.
उलटी फिरतच नाही, मुद्दाम.
खडकाचा धक्का लागलाच तर
वेळ उरलाय त्याहून कमीच दाखवेल, जास्त कधीच नाही.
आमची व्याजाची वही अशी असती तर!

ओंजळीचा अंधार करून आत पाहिलं:
काटे हिरवे, खारफुटीतल्या काजव्याएवढे.
"बरोबर चालतं?"
"दिवसाला वीस सेकंद पुढे."
ते दोष म्हणून लिहायचं असतं. मी पेन उचललं.
"पुढे धावतं म्हणून तर घेतलं," तो म्हणाला.
"मागे पडणारं होतं ते लिबोरियोचं."

लिबोरियो आता चर्चच्या पायऱ्यांशी मेणबत्त्या विकतो,
दोन काठ्या भिंतीला टेकवून.

हिशेबानं यात काही अर्थ नाही.
बुडी अर्ध्या तासाची;
तेवढ्यात वीस सेकंदांतला अर्धाही सेकंद वाट्याला येत नाही.
लिबोरियोला वेळ कळत होती,
त्याला अजून एक लापू-लापू हवा होता, इतकंच.
हे मला ठाऊक, बहुधा यालाही.
मी पेन खाली ठेवलं.

सेबूहून आलेल्या दरपत्रकात
या जातीसमोर छापलंय: अठराशे.
ओरखड्याचे वजा, पट्ट्याचे वजा.
त्यात असा रकाना नाही
की याच्यावर विसंबून माणूस किती वेळा वर आला.
असता, तर काय भरलं असतं मी?
महागडी घड्याळंही येतात इथं, लग्नातली,
कधी पाण्यात न उतरलेली, काचेवर चरा नसलेली.
त्यांना मी कमी मोजत नाही. सोनं सोनंच असतं.

बावीसशे लिहिले. ओरखडा एकच धरला.
त्यानं घासाघीस केली नाही, याचंच वाईट वाटलं.
मनगटावर पट्ट्याएवढी फिकी कातडी उरली होती.
"खाली वेळ कशी कळणार आता?"
"वर पोरगा आहे ना. दोरी ओढतो."
त्याचा पोरगा मी पाहिलाय.
अकरा वर्षांचा, लवकर कंटाळतो.
देव करो आणि रोज कंटाळो.

पावतीवर वर्णन लागतं, तीन शब्दांत:
घड्याळ, पाणबुड्याचं, चालू.

तिजोरीत ठेवलेलं घड्याळ दीडेक दिवस तग धरतं,
मग जिथं असेल तिथं थांबतं.
आमच्या खणात अशा वीस-पंचवीस वेळा आहेत,
एकीचं दुसरीशी जमत नाही.

परवा अमावास्या होऊन गेली.
वारा होता, होड्या निघाल्या नाहीत.
मी रोज सकाळी शटर उघडलं की
आधी ते काढते, कानाशी धरून चार-सहा हिसके देते,
मालक यायच्या आत.
नियमात बसत नाही.
पण पावतीवर माझ्या अक्षरात 'चालू' लिहिलंय,
आणि खोडाखोड केलेली पावती
आमच्याकडे बाद धरतात.