टाळू

त्र्यंबक रोडवर, रात्रपाळीला,
सीटी स्कॅनच्या काचेमागे बसते मी.
आत सरकतात डोकी.
सातपूरच्या कंपनीतला हेल्पर,
मखमलाबादच्या मळ्यात घसरलेला म्हातारा.
पडद्यावर सगळे करडे,
सोललेल्या अक्रोडाचे काप.

साधारण साडेतेराशे घन सेंटीमीटर.
एवढ्यासाठी तीस लाख वर्षं.
आधी म्हणे मोसंबीएवढा होता,
मग कुणीतरी कंद विस्तवात टाकला,
आतड्यांचं निम्मं काम जाळानं केलं,
आतडी आखडली, उरलेलं वर चढलं.
अजून पाच घासांतला एक
हा एकटाच खातो. झोपेतसुद्धा.

किंमत बायकांनी मोजली.
हे वाचलेलं नाही.
सिव्हिलमध्ये एकोणीस तास झाले होते,
बेंडकोळी सिस्टर म्हणाली,
"डोकं मोठंय गं, हुशार निघेल,"
आणि मी तिला शिवी घातली.
कच्चंच बाहेर काढावं लागतं आपलं पोर,
पुरतं पिकू दिलं तर वाटच पुरायची नाही.
मग सासूबाई महिनोन् महिने टाळू भरत राहिल्या,
बोटांखाली ती उडत राहिली.

गंगापूरच्या बाजूला, नदीच्या थरांत,
दगडी हत्यारं मिळालीत.
शाळेत खैरनार सरांनी एक आणलं होतं.
अंगठा बरोबर खाचेत बसला.
घडवणाऱ्याचं डोकं माझ्याहून लहान,
पण मी फोडते तेव्हा
दगडाचा नुसता चुरा होतो.

आणि अलीकडे, म्हणजे काही हजार वर्षांत,
आपलं डोकं थोडं आटलंय म्हणतात,
एका चिक्कूएवढं.
कुणी म्हणतं, मोजण्यातली चूक.
मला ते रामकुंडावर पटलं.
दादांच्या अस्थी घेऊन गेलो होतो.
गुरुजींनी लाल फडकं सोडलं, वही उघडली.
गाव? पिंपळद.
पानं उलटता उलटता बोट थांबलं:
पणजोबांची मोडी सही,
खाली त्यांच्या आईचं नाव, तुळसा.
आमच्या पाच जणांच्या डोक्यात मिळून
ही तुळसा नव्हती.
कुणीतरी तिला इथं ठेवून
निश्चिंत घरी गेलं होतं.

पहाटे तीनला पाळण्यातून पडलेलं बाळ आलं.
आठ महिन्यांचं. आई दारात अनवाणी.
रक्त नाही, तडा नाही.
फक्त कपाळाच्या वर, हाडांच्या मध्ये,
एक काळी फट.
मी बराच वेळ बघत बसले.
सकाळी डॉक्टर लिहितील:
टाळू उघडी. वयानुसार.