सर्वोत्तम चौदा

कॅसेट अडकली सत्त्याण्णवच्या जानेवारीत,
उणे एकतीस अंशांत, लेन्तीराच्या पुलाअलीकडे.
तेव्हा वाचनालयाची बस तैस्तो चालवायचा.
त्यानं बटण दाबलं, चमच्याच्या दांड्यानं उचकटून पाहिलं,
मग म्हणाला, असू दे,
बाहेर येऊन तरी कुठे जाणार आहे.

त्याच्यामागून मी आले, बारा वर्षांनी.
किल्ल्या देताना त्यानं सांगितलं,
दुसरा गिअर रुसतो,
ऑर्वोक्कीबाईंना खुनाच्या कादंबऱ्या लागतात
पण कुत्रं मरत असेल ती चुकूनही द्यायची नाही,
आणि टेप बंद होत नाही. आवाज तेवढा कमी होतो.

मला तो ग्रुप आवडायचा नाही, हे आधीच सांगते.
दोन भाऊ, त्यातल्या एकाची बायको,
आणि ड्रमवर कुणीतरी, फोटोत कायम डोळे मिटलेला.
चकचकीत जांभळे सदरे.
शब्द तर असे, की दुसरीतल्या मुलानं चिठ्ठी लिहावी:
दिवा लावून ठेवलाय, फोन वाजतोय, ये.
माझा भाऊ हेवी मेटलवाला.
आमच्या घरी त्यांचं नाव काढलं की नुसता हशा.

गुरुवारचे दोनशे दहा किलोमीटर. अकरा थांबे.
एक बाजू संपली की खट्,
दुसरी आपली आपण सुरू.
कधीपासून ते आठवत नाही, पण मी रस्ता गाण्यांनी मोजू लागले.
चौथ्याला टपालपेट्यांची रांग,
सातव्याला तळं,
नवव्याला एखादं रेनडिअर रस्त्यात येऊन उभं राहतं
आणि हलत नाही,
मग नववं अख्खं ऐकावं लागतं, इंजिन बंद करून,
काचेवर बर्फ टेकत असताना.
बरं आहे नववं.
भावाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्यात फीत ताणलेली आहे.
शेवटच्या ओळीत ती बाई 'ये' म्हणते
आणि तिथेच आवाज घसरतो, जाड होतो,
अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसा,
पुढच्या शब्दाला धरून पुन्हा उभा राहतो.

उल्पूच्या लग्नात औलूहून बँड आणला होता.
गावच्या हॉलमध्ये त्यांनी तिसरं वाजवलं,
आमच्यासाठी ते तिसरंच, त्याला दुसरं नाव नाही.
बसमध्ये चित्रांची पुस्तकं निवडता निवडता
मोठी झालेली पोरं नाचत होती, त्यांचे आईबाप, दोन म्हातारे,
आणि 'ये' आला तसा
सगळा हॉल एकदम खाली घसरला.
औलूचा गायक एकटा वर राहिला, सरळ सुरात.
त्यानं गिटारकडे पाहिलं, मग आमच्याकडे.
माफी मागावी असा चेहरा केला बिचाऱ्यानं.

गेल्या मार्चमध्ये ती बाई वारली.
भाऊ भाऊ आधीच बोलत नव्हते म्हणे,
ड्रमवाल्यानं जमिनींचा धंदा काढलेला.
रेडिओवर दिवसभर तीच.

गुरुवारी ऑर्वोक्कीबाई बसमध्ये चढल्या,
घेतलेली पुस्तकं परत केली, नवी घेतली नाहीत.
म्हणाल्या, रेडिओवाले चुकीचं लावतायत.
मी म्हटलं, त्यांचं बरोबर आहे, आपली फीत खराब आहे.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं,
की मी चहाचा थर्मास उघडायला घेतला.

तेव्हा अकरावं चालू होतं.
पुढे ढकलायचं बटण केव्हाच तुटलेलं.
त्या लहान मुलांच्या बाकावर बसल्या, कोटाची बटणं न काढता,
गुडघे जवळजवळ हनुवटीला.
बारावं. तेरावं.
चौदाव्यात त्या थोड्या पेंगल्या.
खट्.
पहिलं, दुसरं.
मी आवाज वाढवला.

पुढच्या थांब्यावर वीस मिनिटं उशिरा पोचले.
तिघं उभी होती, पाय आपटत,
भुवयांवर पांढरं धरलेलं.
उशिराबद्दल कुणी काही बोललं नाही.
दार उघडल्यावर एकानं विचारलं,
कितवं चालू आहे?