हिरव्या वायरीचं माप

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत,
जिथं साडेआठलाच लेथचा पहिला कीस
चहाच्या कपाशेजारी गरम पडतो,
अण्णासो कोठावळे माझं इस्टिमेट
चष्म्याच्या वरून वाचतात
आणि एका ओळीवर बोट ठेवतात.

"ही हिरवी कशाला एवढी जाड?
हिच्यातनं तर काय वाहतच न्हाई."

खरं आहे.
लाल, पिवळी, निळी दिवसभर राबतात, तापतात,
काळी उरलंसुरलं परत आणून देते.
हिरवी नुसती बसून,
लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखी.

नव्या बोअरिंग मशीनचा फीडर पंचवीसचा.
मी वहीचं मागचं पान काढते.
सोळापर्यंत जेवढी फेज तेवढीच ही.
सोळाच्या पुढं, पस्तीसपर्यंत, सोळा.
त्याच्या पुढं फेजच्या निम्मी.
पाढ्यासारखं म्हणते,
अण्णासो पाढ्यासारखंच ऐकतात, म्हणजे
खिडकीबाहेर बघत.

मग दुसरा हिशेब. हा मला जास्त आवडतो.
फॉल्टचा करंट तीन हजार अँपिअर.
ब्रेकर पडेपर्यंतचा वेळ, सेकंदाचे चार दशांश.
वेळेचं वर्गमूळ काढायचं, करंटनं गुणायचं,
आणि तांबं किती सोसतं त्या आकड्यानं,
एकशे त्रेचाळीसनं, भागायचं.
तेरा आणि वर थोडं.

तेराची वायर लक्ष्मीपुरीत कुणी ठेवत नाही.
दहाची मिळते, सोळाची मिळते.
"मग दहाची घ्या की."

बाबालाल मिस्त्रींना वर्गमूळ येत नव्हतं.
चौथीतनं शाळा सुटलेली.
वायर सोलून तांबं अंगठ्याच्या नखावर घासायचे
आणि म्हणायचे, "ही जळंल, पोरी."
किंवा काहीच म्हणायचे नाहीत,
म्हणजे चालेल.

कागलकडच्या एका गुऱ्हाळाचं
त्यांनी मला एकदाच सांगितलं.
ठेकेदारानं अर्थिंगला दीडची ओढलेली.
मोटर बॉडीला लागली,
आणि फ्यूज उडायच्या आधी वायर उडाली.
फ्यूज शाबूत. मोटर चालू.
घाण्याच्या लोखंडाला हात लावणारा माणूस
कोण होता, ते बोलले नाहीत.
एवढंच म्हणाले,
"काहिलीतला रस तसाच करपला.
उतरवायला कुणाचं ध्यान होतं तिथं?"

हे मी अण्णासोंना सांगत नाही.
इस्टिमेटमध्ये त्याला रकाना नाही.
म्हटलं, सोळा. नाहीतर सही माझी नाही.
त्यांनी ओळीखाली रेघ मारली,
चहाचे पैसे मात्र मला द्यायला लावले.

श्रावणातल्या एका मंगळवारी फोन आला.
"मॅडम, ब्रेकर बोगस घातलाय तुम्ही.
लावला की पडतोय."
गेले. मेगर लावला.
वाइंडिंग आणि बॉडीच्या मध्ये शून्य.
पहिल्यांदा पडला तेव्हा मशीनवर कोण होतं?
तातोबा.
हात कुठं होता?
"चाकावर की. आणि कुठं असणार?
लाईट गेली, च्यायला म्हटलं,
आणि चहाला गेलो."

मी पॅनेलमागं वाकून हिरवी वायर चाचपली.
थंड. इन्सुलेशनचा रंगसुद्धा बदललेला नाही.
चार वर्षं बसून खाल्लं
आणि अर्ध्या सेकंदात फेडलं,
तेवढ्यात तातोबाची शिवीसुद्धा
पुरी झाली नसेल.
मोटर रिवाइंडिंगला पाठवली.
अण्णासोंनी दिवसाचं नुकसान काढून
मला आकडा ऐकवला.

वैशाखात मी तिकडं जाते तेव्हा
मागच्या बोळातलं अर्थ पिटचं झाकण उचलते.
खाली कोळसा, मीठ, तडकलेली माती.
दोन बादल्या ओततो आम्ही.
"ताई, तांबं उगवायलंय काय?"
तातोबा दरवर्षी हेच विचारतो,
दरवर्षी स्वतःच हसतो,
आणि तिसरी बादली
नळावरनं भरून आणतो.