साडेपाच ग्रॅम

पहाटे साडेचारला जाग असतेच ना,
मग तिचा काही उपयोग कर, इंगरलिसे म्हणाली.
चौऱ्याहत्तरची बाई, रबरी बूट, सतत वाहणारं नाक.
माझी फाईल तिनं वाचलेली नव्हती.

त्याआधी बरंच झालं होतं.
तिथे चुकवलेल्या गोळ्या इथे येऊन खाल्ल्या.
स्वप्नं गेली, चवही गेली,
मुलीचा वाढदिवस काचेपलीकडे झाला.
एस्बियर्गचा तरुण डॉक्टर डोळ्यांपुढे बोट हलवायचा,
डावीकडे, उजवीकडे,
आणि मी त्या बोटामागून पुन्हा गेरेश्कच्या कालव्यापाशी,
एस्बेनचा एकच बूट होता तिथे.
खोटं कशाला बोलू, थोडा फरक पडला.
कालवा हलला नाही, पण काठाशी उभं राहता येऊ लागलं.
आता काठाशी उभं राहून माणूस किती दिवस जेवणार?

घरात स्वालेनं एक रीत आपणहून लावून घेतली:
दार ढकलण्याआधी म्हणायचं, बाबा, मी आहे.
सहा वर्षांची पोर.

तर, जाळी.
ब्लोव्हानच्या वाळूच्या टेकड्यांत, काटेरी झुडपांमधून
केसाएवढ्या धाग्यांची जाळी अंधारात ताणायची
आणि तासातासाला बघून यायचं, कोण अडकलंय.
पहिल्या दिवशी जमेना.
काही लोंबताना दिसलं की मी आधी
भोवतालची जमीन तपासतो.
इंगरलिसे थांबली, नाक पुसलं,
म्हणाली, पाय आधी सोडव. नेहमी पाय आधी.

ऑक्टोबरात वारा पूर्वेचा झाला आणि ते आले,
रात्रभर समुद्र ओलांडून,
डोक्यावर पिवळी रेघ, अंगठ्याएवढे.
दोन बोटांच्या बेचक्यात मान, तळव्यात पाठ,
निसटू नये इतपत, चिरडू नये इतपत.
मग फिल्मच्या जुन्या डबीत उलटं घालून काट्यावर.
साडेपाच ग्रॅम.
माझ्या रायफलची गोळी चार ग्रॅमची होती.
हा हिशेब मी कुणाला सांगितला नाही.

जीव मुठीत धरून म्हणतात, तसा
मी तिथे सात महिने राहिलो
आणि परतल्यावर अकरा वर्षं.
मूठ उघडायचीच विसरून गेली होती.
आता तिच्यात दुसऱ्याचा जीव,
ठोके मोजायची सोय नाही, नुसती थरथर,
चालू इंजिनावर हात ठेवावा तशी.

अकराव्या दिवशी ऑक्सबॉलला तोफांचा सराव सुरू झाला.
सूचना फळ्यावर होती. मी वाचली होती.
वाचलेलं अंगाला कळत नाही.
पहिल्या आवाजाला मी पालथा, दातांत वाळू,
कोपर सोललेलं, एस्बेनला हाक मारलेली,
सहलीला आलेल्या शाळेच्या पोरांसमोर.

आणि उजवा हात वर.
सगळं अंग पडलं, तेवढा पडला नाही.
बेचकं होतं तसंच,
वरून ते माझ्याकडे बघतंय, काळ्या मण्यासारखा एक डोळा.
इंगरलिसे शेजारी बसली, गुडघे वाजवत,
माझ्या मुठीतूनच त्याचा पाय ओढून वाळा चढवला,
आकडा वाचला, वही माझ्यापुढे सरकवली.
अक्षर वाकडं आलं. तिनं खोडू दिलं नाही.

बरा झालो असं कुठे लिहू नका.
काल रात्री पुन्हा कालवाच होता.
पुढच्या महिन्यात डॉक्टरची तारीख आहे, जाणार आहे,
त्या बोटामागे.

शनिवारी स्वालेला नेलं.
तिचं नाव आम्ही एका पाखरावरून ठेवलं होतं,
तेव्हा पाखरांशी माझा काही संबंध नव्हता.
तिच्या उघड्या तळव्यावर एक ठेवलं.
उडेना. बसूनच राहिलं,
सुटल्याचं त्याला कळलं नसावं.
बाबा, हे जात का नाही?
थांब, म्हटलं.
हात हलवू नकोस.