दोनशे लिटर

निवतीची शाळा, दहावी ब, तिसरा तास.
खिडकीतून सुकत्या बांगड्यांचा वास.
फळ्यावर मी दोन आकडे मांडले:
कोळशाचा एक अणू जळला, चार.
युरेनियमचं एक केंद्रक फुटलं, वीस कोटी.
एकक तेच, बारीक अक्षरांत.
मुलं शून्यं मोजत बसली.

शेवटच्या बाकावरून हर्षला कुबल उठली:
"सर, बाबांच्या बोटीक एका फेरीक
दोनशे लिटर डिझेल लागता.
तेच्या बदल्यात ह्या किती लागतला?"

पुस्तकात असलं उदाहरण नव्हतं.
खडू मोडला. दुसरा घेतला.
गणित हजेरीच्या आकड्यांवरून उतरत
फळ्याच्या चौकटीला टेकलं:
चार तांदळांच्या वजनाएवढं.
सगळंच्या सगळं फुटलं तर, मी जोडलं,
सगळं कधीच फुटत नाही.

चार तांदूळ! वर्ग हसला.
ती हसली नाही.
तिने बापाला पहाटे जेटीवर पाहिलंय,
खांद्यावर निळा कॅन,
नळीने ओढताना तोंडात गेलेलं डिझेल थुंकताना.

घंटेला सात मिनिटं होती, म्हणून मी पुढे गेलो.
जळताना कार्बन ऑक्सिजनचा हात धरतो, इतकंच.
खळ्यातला व्यवहार. माजघराला खबर नसते.
तिकडे माजघरच दुभंगतं.
तरी एका फेरीपुरती ऊर्जा
इथून घ्या की तिथून,
जगाच्या वजनातून उणं होतं ते सारखंच:
मिठाचा एक बारीक कण.
दोनशे लिटरांमागे एक कण,
चार तांदळांमागेही तोच एक.
बाकी सगळं उरतं.

संध्याकाळी वाळूवर हर्षलाची आई, शेवंती,
बांगडे चिरून खारवत होती,
मुठीने, कण न मोजता.
"चेडू सांगी होता, मिठाचो एक कण जाता म्हणान.
जाऊंदे. उरता तेचा काय?
चुलयेच्या राखेन मी टोप घासतंय.
त्या राखेन काय घासतत?"

काही नाही, म्हटलं.
आधी पाण्यात ठेवतात. मग जाड भिंतींत.
मग वाट बघतात.
"किती दिस?"

तिच्या पाठीमागे सूर्य पाण्याला लागला होता.
तोही त्याच घराण्यातला, माजघर पेटवणारा,
तीस वर्षं तिची मासळी फुकट सुकवतोय
आणि त्याची राख इथवर येत नाही.

आकडा मला येत होता.
फळा असता तर लिहिला असता.
तिने बांगडा उलटला, दुसऱ्या बाजूला मीठ चोळलं,
कपाळावरचा घाम मनगटाने पुसला,
तिथे दोन-चार कण चिकटून राहिले.
वर्तमानपत्रात सहा बांगडे गुंडाळून म्हणाली,
"न्हेवा सर. पैशे उद्या."