नव्व्याण्णव तुकडे

खालच्या मजल्यावरच्या मुलीचं नाव आयला.
पहिल्याच दिवशी तिच्या आईनं जिन्यातून हाक मारली
आणि मी दुधाचा कॅन छातीशी धरून
पायरीवर बसून हसले, एकटीच.
विनोद काय झाला, कुणाला सांगणार?
डंडीत तेव्हा माझं मराठी
फक्त फोनला माहीत होतं.

शनिवारी ती पाच वर्षांची होणार.
आमंत्रण दाराखालून सरकून आलं, जांभळ्या खडूचं,
वर एक घोडा, नाहीतर कुत्रा, नाहीतर तिची आजी.
पाय सहा. मी मोजले.

मोठ्या दुकानात जाऊन आले.
तिथली खेळणीच बोलत होती.
अस्वलाचं पोट दाबलं, तर म्हणालं, तू मला फार आवडतेस.
मी लाजले की काय कोण जाणे,
तोवर त्यानं मागच्या बाईलाही तेच सांगितलं.
एका खोक्यावर छापलेलं: कल्पकता वाढवा.
आत बारा रंग, बारा साचे,
आणि कुठला रंग कुठे, याचा तक्ता.
मला आमचे गवंडे सर आठवले.
दोन डोंगर, मधे सूर्य, झोपडी डावीकडे.
उजवीकडे काढली की दोन गुण कमी.
मी रिकाम्या हाती बाहेर पडले.
टे नदीवरून वारा असा येत होता
की पिशवी असती तर उडालीच असती.

मंगळवारी मी चॅरिटीच्या दुकानात बिनपगारी राबते.
मागच्या खोलीत, हीटरला पाठ लावून,
दानात आलेली जिगसॉ कोडी जुळवून बघते.
एक तुकडा जरी कमी असला तरी विकायचं नाही,
मॉरागबाईंचा नियम.
कुणाकुणाची घरं रिकामी झालेली असतात,
खोक्यात कधी चष्म्याचा स्क्रू निघतो, कधी गोळीचं पाकीट.

या मंगळवारी एक बंदर होतं.
धक्का, दोऱ्या, समुद्रपक्षी, लाल नाव.
शंभरातले नव्व्याण्णव.
नावेत कोण बसलंय,
नेमका तोच तुकडा नाही.
मॉरागबाई ते कचऱ्यात टाकायला निघाल्या.
मी म्हटलं, थांबा.

घरी कॉर्नफ्लेक्सचा पुठ्ठा कापला.
पहिला तुकडा जाड, दुसऱ्याचं नाक मोठं,
तिसरा कात्रीनंच बिघडवला.
चौथा खटकन बसला.
कोरा ठेवला. बाजूला एक पेन्सिल.
मग रात्रभर तेच:
सेकंडहँड, त्यात अपुरं, लोक काय म्हणतील?
डंडीतही लोक असतातच.

शनिवारी चौदा मुलं, एक केक,
आणि भेटींच्या ढिगातून दबका आवाज:
तू मला फार आवडतेस.
कुणीतरी आणलंच होतं ते.
माझं खोकं तळाशी गेलेलं मी पाहिलं
आणि दुसरा सँडविच घेतला.

बुधवारी दारावर टकटक, अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर.
आयला उभी. मुठीत माझा तुकडा,
कडेपासून कडेपर्यंत निळा.
पेन्सिलनं निळा होत नाही,
म्हणजे हिनं आईचं शाईचं पेन ढापलं होतं.
मी म्हटलं, अगं, नावेत पाणी शिरलं?
"नाही. तो माणूस पोहायला गेलाय."
मग कधी येणार?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं गवंडे सर बघायचे.
"उद्या. मला उद्याचा तुकडा दे."

आयला!
माझ्या तोंडून निघून गेलं.
"काय?" ती म्हणाली.

गुरुवारी तो परत आला, सोबत मांजर घेऊन.
शुक्रवारी नुसतं मांजर.
मला कॉर्नफ्लेक्स मुळात आवडत नाहीत,
पण काल रात्री जेवायलाही तेच खाल्ले.
खोकं अजून निम्मं भरलेलं आहे,
आणि रविवारचा तुकडा तिनं
आधीच सांगून ठेवलाय.